एडिट झालेल्या व्हिडिओचा आवाज मिक्सिंगला पाठवताना : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मी सांगलीत ध्वनिमिश्रणाचे काम करतो. सांगली-साताऱ्याकडचे बरेचसे लघुपट, माहितीपट आणि वेब मालिका आता घरच्या संगणकावर एडिट होतात आणि आवाजासाठी दुसऱ्याकडे जातात. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकल्पांचा पहिला दिवस बहुतेक वेळा मिश्रणात न जाता दुरुस्तीत जातो. चुका त्याच त्या असतात आणि त्यांतल्या जवळपास सगळ्या एक्स्पोर्टचे बटण दाबण्याच्या आधी झालेल्या असतात, म्हणून हा लेख त्या बटणापर्यंतच्या वाटेवरच जास्त रेंगाळतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून जी एएएफ फाइल निघते तिच्यात आवाजाचे तुकडे आणि ते कोणत्या ट्रॅकवर, कोणत्या क्षणी ठेवायचे याची नोंद असते. क्लिपची जागा, लांबी, फेड, आवाजाची पातळी आणि ट्रॅकची नावे साधारणपणे त्यातून जातात. इक्वलायझर, नॉइज काढणारे प्लगइन, क्लिपचा बदललेला वेग आणि नेस्ट केलेल्या (म्हणजे एका टाइमलाइनमध्ये एकाच क्लिपसारख्या ठेवलेल्या दुसऱ्या) टाइमलाइनच्या आतली रचना मात्र जात नाही, किंवा गेली तरी मोडकी जाते. तुमची टाइमलाइन मिक्सिंग इंजिनिअरला कधीच दिसत नाही, त्याला फक्त ही नोंद दिसते.

टप्पा १ : काम सुरू करण्याआधी विचारून घ्यायच्या गोष्टी

मिक्सिंग करणाऱ्याला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात : तो कोणत्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याला एएएफ हवी की ओएमएफ, क्लिपच्या दोन्ही बाजूंना किती जादा आवाज (हँडल, टप्पा ७ पाहा) हवा, आणि संदर्भासाठीचा व्हिडिओ कोणत्या स्वरूपात हवा. प्रो टूल्स, न्यूएन्डो, लॉजिक आणि फेअरलाइट एएएफ थेट उघडतात. रीपर ती थेट उघडत नाही, त्यासाठी रूपांतर करणारे वेगळे सॉफ्टवेअर लागते, आणि हे आधी कळले नाही तर दोघांचाही दिवस वाया जातो. ओएमएफ हा जुना प्रकार आहे आणि त्यात आवाज भरल्यावर फाइल २ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या, २४ बिट मोनो आवाजाचा एक तास साधारण ५२० एमबी जागा घेतो. त्यामुळे दहा-बारा ट्रॅकचा छोटा माहितीपटसुद्धा ही मर्यादा सहज ओलांडतो. समोरच्याने मुद्दाम ओएमएफ मागितली नसेल, तर एएएफच द्यावी.

टप्पा २ : चित्र लॉक करणे, आणि त्याआधीची एक जुनी चूक

दिग्दर्शकाने शेवटची संमती दिल्याशिवाय आवाज पाठवू नये. "एकच शॉट बदलायचा आहे, तोवर तुम्ही सुरू करा" या वाक्याने जितके काम दुप्पट होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही. चित्र एका फ्रेमने जरी सरकले तरी त्यापुढचा सगळा आवाज सरकतो.

मोबाइलवर चित्रीकरण केले असेल तर आणखी मागे जावे लागते. बहुतेक मोबाइल बदलत्या फ्रेम रेटने चित्रीकरण करतात, म्हणजे एका सेकंदात कधी ३० फ्रेम असतात तर कधी त्याहून कमी. मागे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांवरचा एक माहितीपट माझ्याकडे आला होता. दोन मोबाइलवर चित्रीकरण आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज अशी मांडणी होती. सौदा पुकारणाऱ्याचे ओठ सुरुवातीला अचूक जुळत होते, पण टेक पुढे जाईल तसतसा आवाज मागे पडत होता. एडिटरने दर काही सेकंदांनी क्लिप कापून ती हाताने सरकवली होती, आणि परिणामी एकाच सलग पुकाऱ्याचे चाळीसेक तुकडे माझ्याकडे आले. यावरचा उपाय एडिटच्या आधीच करायचा असतो : हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरसारख्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या मोबाइल क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्याव्यात आणि मगच टाइमलाइनवर आणाव्यात.

तपासणी : टाइमलाइनचा फ्रेम रेट नेमका किती आहे ते लिहून ठेवावे. २४ आणि २३.९७६ हे एकच नव्हेत. त्यांची गल्लत झाली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, आणि २० मिनिटांच्या लघुपटाच्या शेवटी आवाज सव्वा सेकंद चुकलेला असतो.

टप्पा ३ : टाइमलाइनची प्रत काढून ती मोकळी करणे

मूळ टाइमलाइनला हात लावू नये. तिची प्रत करून नावात तारीख घालावी आणि पुढची सगळी कामे प्रतीवर करावीत. हा टप्पा सगळ्यांत वेळखाऊ आहे आणि लोक नेमका हाच गाळतात.

नेस्ट केलेल्या टाइमलाइन आणि मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकत्र जोडलेल्या) क्लिप आधी सोडवाव्यात. नेस्टच्या आत संवाद, पाऊल, दाराचा आवाज असे सहा ट्रॅक असले तरी बाहेर ती एकच क्लिप दिसते, आणि एएएफमध्ये एकतर सगळ्यांचा एकत्र लगदा जातो किंवा ती जागा रिकामी जाते. नेस्टच्या आतले मूळ ट्रॅक कॉपी करून मुख्य टाइमलाइनवर त्याच जागी ठेवावेत आणि मल्टिकॅम क्लिप सपाट कराव्यात.

त्यानंतर वेग बदललेल्या आणि उलट्या चालवलेल्या क्लिप शोधाव्यात. त्यांचा आवाज हवा असेल तर तो वेगळा रेंडर करून वेव्ह फाइल म्हणून परत टाइमलाइनवर ठेवावा, आणि शेजारी, वेगळ्या ट्रॅकवर, मूळ वेगातली क्लिपही ठेवावी. मिक्सिंग करणाऱ्याकडे वेग बदलण्याची चांगली साधने असतात, त्यामुळे बहुधा तो मूळ क्लिपच वापरेल.

क्लिपवर आणि ट्रॅकवर लावलेले सगळे इफेक्ट काढून टाकावेत. इथे एडिटरचा जीव अडखळतो, कारण त्याने रात्र जागून पंख्याची घरघर काढलेली असते आणि दिग्दर्शकाला तोच आवाज आवडलेला असतो. ती भावना मला समजते. तरीही नॉइज काढताना संवादाचा जो भाग खरवडला गेला तो परत आणता येत नाही, आणि मूळ आवाज दिला तर तेच काम अधिक जपून करता येते. एखादा इफेक्ट कथेचाच भाग असेल, उदाहरणार्थ फोनवरचा आवाज किंवा देवळातल्या लाउडस्पीकरचा आवाज, तर इफेक्टसह रेंडर केलेली प्रत वेगळ्या ट्रॅकवर जोडीला द्यावी. पातळीचे चढउतार मात्र राहू द्यावेत, कारण कोणता आवाज पुढे आणि कोणता मागे हा तुमचा आणि दिग्दर्शकाचा विचार त्यातूनच कळतो.

संगीत एमपी३ असेल तर त्याची वेव्ह करून घ्यावी आणि शक्य असेल तर संगीतकाराकडून मूळ वेव्हच मागवावी. गाण्यांच्या फाइल बऱ्याचदा ४४.१ किलोहर्ट्झच्या असतात, त्या रूपांतर करून ४८ वर आणाव्यात. ४४.१ ची फाइल चुकून ४८ ची म्हणून वाजली, तर ती जवळपास नऊ टक्के जास्त वेगाने धावते आणि स्वरही सुमारे दीड पट्टीने चढतो. गायक असलेल्या माणसाला ते ताबडतोब खटकते, एडिटरच्या मात्र कधीकधी लक्षातही येत नाही.

सावधान : बंद करून ठेवलेल्या क्लिप आणि म्यूट केलेले ट्रॅक एएएफमध्ये कधी जातात, कधी जात नाहीत. हवे असेल ते चालू करावे, नको असेल ते पुसून टाकावे.

टप्पा ४ : प्रत्येक संवादामागचा माइक ओळखणे

रेकॉर्डरवर बूमचा (दांडीवर धरलेल्या माइकचा) एक चॅनेल आणि प्रत्येक कलाकाराच्या लेपलचा (कपड्यांवर लावलेल्या छोट्या माइकचा) एकेक चॅनेल असतो, आणि बहुतेक रेकॉर्डर त्यांची एकत्र फाइलही तयार करतात. एडिट करताना हीच एकत्र फाइल वापरणे सोयीचे असते, पण मिक्सिंगला तीच पाठवली तर बूम आणि लेपल वेगळे करण्याची वाट बंद होते. म्हणून प्रत्येक दृश्याखाली बूम एका ट्रॅकवर आणि लेपल वेगवेगळ्या ट्रॅकवर, सगळे एकाच वेळेला जुळवून ठेवावेत. एडिटमध्ये ज्या माइकचा आवाज वापरला तो ऐकू येईल असा ठेवावा, बाकीच्यांची पातळी पूर्ण खाली आणावी, पण ते जागेवर असू द्यावेत.

मोनो आवाज मोनोच राहील हे पाहावे. एकाच लेपलचा आवाज डाव्या-उजव्या अशा दोन ट्रॅकवर दुहेरी ठेवलेला मला दर दुसऱ्या प्रकल्पात सापडतो. कधीकधी तर डावीकडे बूम आणि उजवीकडे लेपल असलेली कॅमेऱ्याची क्लिप स्टिरिओ समजून तशीच वापरलेली असते. अशा क्लिप उघडून त्यांचे दोन मोनो चॅनेल करावेत.

टप्पा ५ : ट्रॅकची मांडणी

वरून खाली संवाद, मग पायलट ट्रॅक (डबिंगला संदर्भ म्हणून चित्रीकरणात घेतलेला आवाज) किंवा डबिंग, मग दृश्यातले इतर आवाज, मग ॲम्बियन्स (परिसराचा आवाज), आणि सगळ्यांत खाली संगीत, असा क्रम ठेवावा. एका ट्रॅकवर एकाच जातीचा आवाज असावा. ट्रॅकला नाव द्यावे आणि ते रोमन लिपीत असावे, कारण देवनागरी नावे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन बसतात. फाइलच्या नावांनाही हाच नियम लागू आहे.

रूम टोन (कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज) आणि जागेचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला असेल तर तो टाइमलाइनवर वापरलेला नसला तरी द्यावा. हरिपूरच्या संगमावरचे पाणी, उसाच्या फडात वाऱ्याने होणारी सळसळ, दूर चाललेली मोटर, हे आवाज कोणत्याही विकतच्या संग्रहात आपल्या गावच्यासारखे मिळत नाहीत.

टप्पा ६ : सुरुवातीची वेळ आणि पॉप

टाइमलाइनची वेळ अशी लावावी की चित्रपटाची पहिली फ्रेम ०१:००:००:०० वर येईल. त्याच्या नेमके दोन सेकंद आधी, म्हणजे ००:५९:५८:०० वर, १ किलोहर्ट्झचा एक फ्रेम लांबीचा टोन ठेवावा (यालाच पॉप म्हणतात), आणि चित्राच्या ट्रॅकवर त्याच फ्रेमला पांढरी चौकट किंवा २ हा आकडा ठेवावा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर हा टोन ४० मिलिसेकंदांचा असतो. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी असाच दुसरा पॉप ठेवावा. या दुसऱ्या पॉपला बरेच जण फाटा देतात. पण आवाज वाटेत सरकतो की नाही हे फक्त त्याच्यामुळेच कळते.

टप्पा ७ : एक्स्पोर्ट आणि हँडल्स

प्रीमिअरमध्ये फाइल, एक्स्पोर्ट, एएएफ या वाटेने जावे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि ब्रॉडकास्ट वेव्ह निवडावे. क्लिपचे इफेक्ट रेंडर करण्याची खूण काढावी. ब्रेकआउट टू मोनो निवडले तर स्टिरिओ संगीताचे दोन वेगळे मोनो ट्रॅक होतात, त्यामुळे ते ठेवायचे की नाही हे मिक्सिंग करणाऱ्याला विचारून ठरवावे. दा विंची रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पानावर प्रो टूल्स नावाची तयार मांडणी आहे, तिथून एएएफ आणि आवाजाचे तुकडे निघतात. फायनल कट प्रोमधून थेट एएएफ निघत नाही. तिथे आधी प्रत्येक क्लिपला रोल (संवाद, संगीत असे प्रकाराचे लेबल) नीट द्यावे लागतात, मग एक्सएमएल काढून एक्सटूप्रोसारख्या सॉफ्टवेअरमधून एएएफ करावी लागते, आणि रोल चुकले तर ट्रॅकही चुकतात.

आता हँडल्सकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त नुकसान इथे होते. हँडल म्हणजे क्लिप जिथे कापली आहे त्याच्या आधीचा आणि नंतरचा जादा आवाज. तो टाइमलाइनवर ऐकू येत नाही, पण क्लिपची कड ओढली की बाहेर येतो. संवादाच्या दोन तुकड्यांमधला सांधा पुसायला हाच जादा आवाज वापरला जातो. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर चित्रित झालेल्या एका लघुपटात म्हातारी पायऱ्या चढताना मागे वळून "येते गं" म्हणते. चित्र कापले होते "ते"वर, आणि आवाजही तिथेच कापलेला होता. एएएफ शून्य हँडलची होती. तो "गं" पुढच्या पाच-सहा फ्रेममध्ये असणार हे मला माहीत होते, पण माझ्याकडे त्या पाच-सहा फ्रेम नव्हत्या. एडिटरला फोन केला तेव्हा कळले की त्याच्याकडेही मूळ फाइल राहिलेली नव्हती आणि रेकॉर्डरच्या कार्डवर दुसरे चित्रीकरण झाले होते. शेवटी त्याच बाईंकडून डबिंग करून घेतले. शब्द मिळाला, पण घाटावरच्या त्या चढणीने लागलेली धाप काही खोलीत उभे राहून आली नाही.

म्हणून ट्रिम ऑडिओ फाइल्स (वापरलेला भागच कापून पाठवण्याचा पर्याय) निवडणार असाल तर हँडल किमान पाच सेकंदांचे, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर १२५ फ्रेमचे ठेवावेत. लघुपट असेल आणि डिस्कवर जागा असेल तर ट्रिम न करता पूर्ण फाइल कॉपी करण्याचा पर्यायच निवडावा, कारण मग पूर्ण टेक सोबत जातो आणि बिघडलेला शब्द त्याच टेकमधून दुसरीकडून उचलता येतो.

सावधान : आकडा टाकायच्या चौकटीत सेकंद नसून फ्रेम असतात. तिथे ५ लिहिले तर पाच सेकंदांऐवजी सेकंदाचा पाचवा भागच मिळतो.

तुमच्या सॉफ्टवेअरमधून एएएफ निघतच नसेल, जसे मोबाइलवरच्या बहुतेक एडिटिंग ॲपमध्ये होते, तर प्रत्येक ट्रॅक एकेकटा ठेवून तो पहिल्या पॉपपासून शेवटच्या पॉपपर्यंत पूर्ण लांबीची वेव्ह म्हणून काढावा. या पद्धतीत हँडल मिळत नाहीत, त्यामुळे मूळ रेकॉर्डिंगचा फोल्डर सोबत देणे भागच आहे.

टप्पा ८ : संदर्भासाठीचा व्हिडिओ

हा व्हिडिओ त्याच लॉक केलेल्या टाइमलाइनमधून, त्याच फ्रेम रेटने, दोन्ही पॉपसह काढावा. ७२० उंचीचे चित्र पुरते. चित्रावर टाइमकोड छापलेला असावा आणि तो चेहऱ्यावर येणार नाही अशा कोपऱ्यात असावा. शक्य असेल तर प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचडी द्यावा, कारण एच.२६४ मागेपुढे करताना अडखळतो. व्हिडिओमध्ये तुमचे एडिटमधले कच्चे मिक्स असलेच पाहिजे. इफेक्ट काढण्याआधीच्या मूळ टाइमलाइनचे मिक्स दिले तर उत्तमच, कारण दिग्दर्शकाच्या कानात जो आवाज बसलेला आहे तो मिक्सिंग करणाऱ्यालाही ऐकायला मिळतो.

टप्पा ९ : पाठवण्याआधी स्वतः उघडून पाहणे

एएएफ तयार झाली म्हणजे ती बरोबर आहे असे नव्हे. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत किंवा निदान तुमच्याच सॉफ्टवेअरच्या नव्या प्रकल्पात ती उघडावी. शक्य असेल तर हे दुसऱ्या संगणकावर करावे, कारण तुमच्या संगणकावर मूळ फाइल जागेवर असल्यामुळे तुटलेले दुवेही जुळलेले भासतात. संदर्भ व्हिडिओचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवून दोन्ही एकत्र वाजवावेत.

दोन्ही पॉप एकजीव ऐकू आले तर काम झाले. दोन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर सुरुवातीची वेळ चुकली आहे. पहिला पॉप जुळतो पण शेवटचा सरकतो असे झाले तर फ्रेम रेट किंवा सॅम्पल रेट चुकला आहे. दोन्ही पॉप बरोबर असून मध्येच एखादे दृश्य खटकत असेल तर तिथे न सोडवलेले नेस्ट किंवा वेग बदललेली क्लिप राहिली आहे, टप्पा ३ कडे परत जावे. शेवटी कोणत्याही पाच-सहा संवादांच्या क्लिपची कड दोन्ही बाजूंना ओढून पाहावी. जादा आवाज बाहेर आला पाहिजे.

टप्पा १० : फोल्डर आणि रवानगी

एकाच फोल्डरमध्ये एएएफ, आवाजाच्या फाइल, संदर्भ व्हिडिओ, मूळ रेकॉर्डिंग, रेकॉर्डिस्टने लिहिलेला साउंड रिपोर्ट आणि एक साधी मजकुराची फाइल ठेवावी. त्या मजकुरात फ्रेम रेट, सॅम्पल रेट, एकूण लांबी, पहिल्या फ्रेमची वेळ, आवृत्तीचा क्रमांक आणि ज्या ठिकाणांबद्दल तुम्हाला शंका आहे त्यांचे टाइमकोड लिहावेत. "०१:०७:१२ ला मागून एसटीचा हॉर्न येतो, दिग्दर्शकाला तो हवा आहे" अशी एक ओळ अर्ध्या तासाचे काम वाचवते, नाहीतर तो हॉर्न मी प्रामाणिकपणे पुसून टाकेन. इंटरनेटवरून पाठवताना फोल्डरची झिप करावी, म्हणजे एखादी फाइल वाटेत गळाली तर लगेच कळते. ट्रॅव्हल्सने हार्ड डिस्क पाठवणार असाल तर तिची दुसरी प्रत घरी ठेवल्याशिवाय ती गाडीत चढवू नये.

लॉक केल्यानंतरही चित्र बदललेच तर जुनी एएएफ दुरुस्त करून पाठवू नये. नवा आवृत्ती क्रमांक देऊन नवी एएएफ आणि नवा संदर्भ व्हिडिओ काढावा, आणि सोबत बदलांची यादी द्यावी : कोणत्या टाइमकोडला किती फ्रेम कमी झाल्या, कुठे किती वाढल्या, कोणता शॉट बदलला. मिक्सिंग करणारा त्या यादीवरून आधी केलेले काम नव्या चित्रावर सरकवतो, त्यामुळे यादीतला प्रत्येक आकडा नव्या आणि जुन्या व्हिडिओच्या एकूण लांबीतल्या फरकाशी जुळवून पाहिल्याशिवाय ती पाठवू नये.